मंदीत सरकारी दवाखान्याचे पैसे कापू नका

इंग्लंडमध्ये मी भारतीय पासपोर्टवर राहतो, तरी इथल्या खासदारकीला मला मत देता येतं. कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तो हक्क आहे. म्हणून बजेटआधी आमच्या खासदारबाईंना पत्र टाकलं: कितीही मंदी असो, एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, पैशाला हात लावू नका. कोल्हापुरातून दादाचा फोन, "तुला काय पडलंय तिथलं?"

पडलंय, कारण कात्री लावल्यावर काय होतं ते रोज बघतोय.

एनएचएस सुरू झाली ५ जुलै १९४८ ला. महायुद्धानं देश खंक झाला होता, रेशनिंग चालू होतं, तरी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी ती उभी केली. २००८ च्या मंदीनंतर मात्र सरकारनं हात आखडला. महागाई वजा जाता वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढणारं बजेट २०१० नंतर जेमतेम एक टक्क्यानं वाढू लागलं. म्हातारी माणसं वाढली, औषधं महागली, पैसा पुरेना. मग इमारती आणि मशिनरीचा पैसा रोजच्या खर्चाला वळवला. किंग्ज लिनच्या हॉस्पिटलचं छत हजारो टेकूंवर तोलून धरावं लागलं. २०२३ मध्ये इंग्लंडची वेटिंग लिस्ट ७५ लाखांच्या वर गेली. आमच्या शेजारच्या आजी खुब्याच्या ऑपरेशनसाठी थांबल्यात. जिना चढवत नाही म्हणून त्यांचा पलंग खाली हॉलमध्ये आणलाय, टीव्हीच्या शेजारी.

आता आपल्याकडं बघा. शिरोलीच्या फाउंड्रीत पाळ्या कमी झाल्या, इचलकरंजीचे माग थांबले, की कामगाराला खासगी हॉस्पिटलचं बिल झेपत नाही. तो सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलात, येतो. चंदगड, गगनबावड्याची माणसं तर आधीपासून येतातच. म्हणजे सरकारची तिजोरी आटते नेमकी तेव्हाच केसपेपरची रांग लांबते. त्या वेळी औषधखरेदी रोखली, तर बाहेरून औषधं आणायची चिठ्ठी हातात पडते आणि ती भागवायला घरातलं सोनं गहाण जातं. याला बचत कसं म्हणायचं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरलं होतं. तिथवर आपण पोचलो नाही. तेव्हा मंडळी, बजेट अधिवेशनाआधी आपापल्या आमदारांना गाठा. आपल्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत किती पदं रिकामी आहेत, औषधांना किती पैसे मंजूर झाले आणि त्यातले खरोखर किती खर्च झाले, हे विचारा. उत्तर लेखी मागा.