ॲनचा उजवा हात

गेल्या महिन्यात चार दिवस दादाकडे राहायला गेले होते, तेव्हा 'ट्रेसपासर' पुन्हा खेळले. पंचवीसेक वर्षांनी. या खेळाच्या जुन्या चाहत्यांनी दुरुस्त्या करून तो नव्या कॉम्प्युटरवर चालेल असा केला आहे, तो दादाने लॅपटॉपवर चढवून ठेवला होता. "तुझ्यासाठीच ठेवलाय गं," म्हणाला. पहिल्या दहा मिनिटांतच जाणवलं की या खेळाबद्दल आज मला जे सांगावंसं वाटतंय, ते १९९९ साली सांगता आलं नसतं. तेव्हा मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. आता वीस वर्षं झाली, रोज सकाळी अर्धांगवायूच्या पेशंटचे हात माझ्या हातात असतात.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्युरासिक पार्कच्या जगातला हा खेळ १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोजवर आला. ॲन नावाच्या बाईचं विमान कोसळतं, ती एकटीच वाचते आणि इस्ला सोर्ना बेटाच्या किनाऱ्यावर शुद्धीवर येते. डायनोसॉर जिथे वाढवले जायचे तेच हे बेट. माणसं केव्हाच निघून गेली आहेत. आपण ॲनच्या डोळ्यांनी बघायचं, बंद पडलेल्या मोनोरेलच्या कडेकडेने आत शिरायचं आणि शेवटी डोंगरमाथ्यावर पोचून मदतीसाठी संपर्क साधायचा.

बंदुका आहेत, पण पडद्यावर एकही आकडा नाही. गोळ्या किती उरल्या ते लिहून येत नाही, नेमाची खूण नाही, जिवाची पट्टी नाही. जखम किती झाली हे बघायचं तर मान खाली घालायची. ॲनच्या छातीवर हृदयाच्या आकाराचं गोंदण आहे, मार बसेल तसं ते भरत जातं. थोडा वेळ लपून राहिलं की पुन्हा रिकामं व्हायला लागतं. बंदूक हातात घेतली की ॲन अंदाजाने पुटपुटते, भरलेली वाटतेय, अर्धी असेल. बंदूक पुन्हा भरण्याची सोयच नाही. गोळ्या संपल्या की टाकून द्यायची आणि दुसरी शोधायची. एक वस्तू हातात, एक जवळ ठेवलेली, एवढंच सामान. त्या काळच्या इतर खेळांत माणूस आठ-दहा शस्त्रं अंगावर बाळगत पळायचा. इथे रिकामं पिस्तूल टाकताना पोटात गोळा येतो, कारण पुढच्या वळणावर काय मिळेल याची खात्री नसते.

आता हाताबद्दल. माझ्यासाठी सगळा खेळ त्या हातात आहे.

बाकीच्या नेमबाजीच्या खेळांत बंदूक पडद्याच्या कोपऱ्याला चिकटवल्यासारखी असते. जिकडे नजर तिकडे नळी. ॲनचा हात मात्र खांद्यापासून सुटा आहे. बटण दाबून धरलं की तो पुढे येतो, माऊस हलवला की हवेत डावीउजवीकडे, वरखाली फिरतो आणि वेगळ्या कळा दाबल्या की मनगट वळतं. वस्तू उचलायची तर हात तिथवर न्यायचा आणि मग पकडायची. दारातून जाताना हातातली काठी चौकटीला अडकते आणि मनगट भलतीकडेच मुरगळतं. नेम धरायचा म्हणजे दंड, मनगट आणि नळी एका रेषेत आणायची, तीही समोरून रॅप्टर, म्हणजे चपळ शिकारी डायनोसॉर, पळत येत असताना.

लोकांनी या हाताला खूप नावं ठेवली. दादासुद्धा तेव्हा वैतागून म्हणाला होता, "हा हात आहे की पाण्यातली वेल?" तो चूक नव्हता. हात खरंच वाईट चालतो. पण का वाईट चालतो, हे मला पेशंटच्या शेजारी बसून कळलं.

तुम्ही टेबलावरचा पेला उचलता तेव्हा काय काय होतं बघा. खांदा स्थिर होतो, कोपर सुटतं, मनगट किंचित वर उचललं जातं, कारण त्या अवस्थेत बोटांची पकड घट्ट बसते. आणि पेल्याला हात लागायच्या आधीच, वाटेतच, बोटं साधारण पेल्याच्या मापाने उघडलेली असतात. यातलं काही तुम्ही ठरवत नाही. मेंदूला झटका आलेल्या माणसाचं हे आपोआपपण जातं आणि मग त्याला एकेक सांधा मुद्दाम हुकूम देऊन हलवावा लागतो. ॲनचा हात नेमका तसाच आहे. खेळाने मेंदूचं ते न दिसणारं काम खेळणाऱ्याच्या बोटांवर सोपवलं.

माझ्याकडे एक शिंपीकाका येत होते, उजवी बाजू गेलेली. हालचाल बऱ्यापैकी परत आली होती, पण स्पर्श आला नव्हता. हातात वाटी धरून बसायचे, आणि कुणी हाक मारली म्हणून मान वळवली की वाटी खाली. हातात काही आहे हे त्यांना फक्त डोळ्यांमुळे कळत होतं. नजर हटली की हातालाही विसर पडायचा. तीन महिने आम्ही एकच गोष्ट करत होतो: बघत बघत धरायचं, मग एक क्षण नजर काढायची, पुन्हा बघायचं.

ट्रेसपासरची खरी कमतरता ही आहे. हात दिला, पण हाताला स्पर्श दिला नाही. माऊसमधून वजन कळत नाही, टोक कुठे टेकलं ते कळत नाही, पकड सैल झालेली कळत नाही. म्हणून सतत हाताकडे बघावं लागतं. हाताकडे बघावं तर रॅप्टर दिसत नाही, रॅप्टरकडे बघावं तर नळी भलतीकडे गेलेली असते. हे यंत्र बनवणाऱ्यांना सांधे समजले होते, त्यांच्या गणितातही चूक नव्हती. पण हात निम्मा स्नायूंचा असतो आणि निम्मा स्पर्शाचा, आणि हा दुसरा निम्मा भाग त्या वेळच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये भरून काढायला काही साधनच नव्हतं. निदान आवाजाने तरी त्यांनी थोडी भरपाई केली आहे. लाकडावर लोखंड आपटलं तर वेगळा आवाज, दगडावर लाकूड घासलं तर वेगळा, जशी टक्कर तसा आवाज त्या क्षणी तयार होतो. या वेळी मी हेडफोन लावून खेळले आणि पकड सुटल्याचं दोनदा कानाने आधी कळलं.

डावा हात तर दिसतच नाही. भलीमोठी रायफल एका हातात तोलायची. आमच्याकडे उपचारात चांगला हात मुद्दाम बांधून ठेवतात, म्हणजे अधू हाताला काम करावंच लागतं. खेळणाऱ्याला आनंद द्यायचा असेल तर मात्र हे फार झालं. दुसऱ्या हाताचा नुसता आधार दिला असता तरी अर्धी तक्रार मिटली असती, असं माझं ठाम मत आहे. मान खाली घातली की गोंदण दिसतं, पण पाय दिसत नाहीत. उंच कड्याच्या टोकावर उभं असताना आपले पाय कुठे आहेत हेच कळू नये, हे मला हाताच्या अडचणीपेक्षाही जास्त खटकलं.

डायनोसॉरांचंही तसंच. सात जाती आहेत, टायरॅनोसॉरसपासून पॅरासॉरोलोफसपर्यंत. त्यांची चाल आधी चितारून ठेवलेली नाही, जमीन जशी येईल तसे पाय कुठे टेकायचे ते त्याच वेळी ठरतं. त्यांना भूक, भीती, राग असे भावही द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात ते भाव एकमेकांत इतके अडकायचे की जनावर धड काहीच करेना, म्हणून खेळ बाहेर येईपर्यंत त्यातलं बरंच कमी केलं गेलं. परिणाम दिसतो. रॅप्टर उतारावर लडखडतो, जागच्या जागी गिरकी घेतो, पाय भिंतीत घुसतो. नेमका हल्ला करायचा त्या क्षणी तो दारू प्यायल्यासारखा झुलतो आणि भीती पळून जाते.

पण सुरुवातीच्याच भागात एक ब्रॅकिओसॉरस आहे. तो झाडांच्या वर मान काढून सावकाश चालत जातो. त्याला ॲनशी काही देणंघेणं नाही. त्याचा पाय चढावर टेकतो, शरीर किंचित कलतं, मग दुसरा पाय. त्या कलण्याला वजन आहे. मी बंदूक खाली टाकून बघत राहिले. दोन रॅप्टरांना एकमेकांवर तुटून पडलेलंही पाहिलं, आणि तेव्हा मी झुडपाआडून निसटून गेले. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, तिथे तेव्हा घडलं. अशा पाच मिनिटांसाठी मी बाकीचे तीन तास सहन करायला तयार आहे.

सहन करण्यासारखं खूप आहे हे मान्य. खोक्यांवर खोकी रचून भिंत ओलांडायची कोडी आहेत, आणि खोकी बर्फावर ठेवल्यासारखी निसटतात. लांबची झाडं म्हणजे सपाट चित्रं. जवळ गेलं की टचकन खरं झाड होतं. १९९९ मध्ये आमच्या घरच्या ६४ एमबी रॅमच्या कॉम्प्युटरवर तर जंगल तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकायचं, आणि दादा व मी आळीपाळीने खुर्चीत बसून एकेक टेकडी पार करायचो. आजच्या लॅपटॉपवर ते दुखणं राहिलं नाही. मोकळं मोठं बेट, वाकडी वाट, पडकी वस्ती, हे सगळं आता पहिल्यांदा नीट दिसलं. आणि मध्येच ज्युरासिक पार्कचा मालक जॉन हॅमंड याच्या आठवणी ऐकू येतात, त्याने हे कसं उभारलं आणि कसं हातचं गेलं. हा आवाज रिचर्ड ॲटनबरोंचा आहे. महात्मा गांधींवरचा चित्रपट त्यांनीच केला असं बाबांनी तेव्हा सांगितलं होतं, आणि मग तेही मागे खुर्ची टाकून ऐकत बसले होते. ॲनचा आवाज अभिनेत्री मिनी ड्रायव्हरचा.

या खेळामागचे प्रमुख सीमस ब्लॅकली मूळचे भौतिकशास्त्राचे. आधी त्यांनी विमान उडवण्याच्या एका खेळात काम केलं होतं, आणि पुढे एक्सबॉक्स हे खेळांचं यंत्र घडवणाऱ्यांपैकी एक म्हणून त्यांचं नाव झालं. प्रत्येक वस्तूला वजन असलंच पाहिजे, हा हट्ट मला त्यांचाच वाटतो. २००४ साली हाफ-लाइफ २ या खेळात फळीच्या एका टोकावर विटा ठेवून दुसऱ्या टोकावरून वर चढायचं कोडं आलं, तेव्हा लोक हरखून गेले. दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं. बर्फावर ठेवल्यासारखी निसटणारी ती ट्रेसपासरमधली खोकी आम्हाला आठवली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माझी नऊ वर्षांची भाची शेजारी येऊन बसली. थोडा वेळ बघितल्यावर म्हणाली, "आत्या, हिचा दुसरा हात कुठेय?" मी म्हटलं, तो चितारलेलाच नाही. तिने माऊस मागितला. जमिनीवर पडलेल्या एका फळीकडे तिने ॲनचा हात न्यायला सुरुवात केली, ओठ घट्ट मिटून, श्वास रोखून. फळी पुन्हा पुन्हा निसटत होती. आणि मी बघितलं तर तिचा स्वतःचा उजवा खांदा वर वर चालला होता, पार कानापर्यंत. शिंपीकाकांचाही असाच जायचा. हात पोचत नसला की शरीर खांदा उचलून ते अंतर भरून काढायला बघतं.

मी तिच्या खांद्यावर तळवा ठेवला. "खांदा खाली सोड," म्हटलं. "आधी खांदा, मग हात."

तिने श्वास सोडला. फळी उचलली गेली, आणि ती ओरडली, "आत्या, बघ बघ, धरली!"