साठेखत झालं म्हणजे जमीन नावावर झाली नाही

कोल्हापुरात कसबा बावड्याला कोर्टाच्या आवारात आज पुन्हा तोच प्रश्न: "साठेखत हाय की आमच्याकडं, मग जमीन आमचीच न्हवं?"

नाही. साठेखत हा पुढं खरेदी देण्याचा करार आहे. मालकी बदलते ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानं. करारात खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून ३ वर्षांत करारपूर्तीचा दावा लावावा लागतो. तारीखच नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून ३ वर्षं. इसार (आगाऊ रक्कम) देऊन 'पाव्हण्यातलाच माणूस आहे' म्हणून गप्प बसणारे इथंच अडकतात, आणि फार वाईट वाटतं. उरलेली रक्कम द्यायला तयार आहोत हे लेखी नोटिशीनं कळवा, पोच जपून ठेवा. कोर्ट तेही बघतं.

फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याची महसुली नोंद. त्यानं मालकी मिळत नाही, वाद झाला तर निकाल दिवाणी कोर्टच देतं. तरी फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत लेखी हरकत द्याच. तोंडी सांगून आलात तर नोंद मंजूर होऊन जाते.

बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज किंवा देणं, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात दिसतो. गावच्या सेवा संस्थेचं (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं) कर्ज तिथंच असतं.

बहिणीच्या हक्कसोडपत्राला नुसती नोटरी पुरत नाही, नोंदणी लागते. तिला कागद आधी वाचून दाखवा, सही नंतर.

कॅव्हेट म्हणजे कोर्टात आधीच देऊन ठेवलेला अर्ज, त्याची मुदत ९० दिवस. तो स्थगिती आदेश नव्हे. आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम होऊ नये, एवढ्यासाठीच तो असतो.