वार एकाच घराचे लागले

एकाच वाडीतली दोन घरं. दोन्ही घरांत कॅन्सर, दोन्हीकडे डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि दोन्ही पेशंट माझेच. एका घरी बायकांनी सेवेचे वार आपसांत लावून घेतले, दुसऱ्या घराचा उंबरा कुणी ओलांडला नाही. दिवाळी होऊन गेली तरी हे डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सातारा जिल्ह्यात एका धर्मादाय संस्थेच्या गृहभेट पथकात नर्स आहे. आजार बरा होणार नाही असं ठरलेल्या माणसांकडे आम्ही घरी जातो. गाडीत मी, समाजसेविका आणि ड्रायव्हर. डॉक्टर ठरलेल्या वारी. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे हात हातात घेऊन धीर देणं. त्याआधी पुष्कळ काही असतं. जखम धुणं, नाकातली नळी बदलणं, मॉर्फिनच्या वेदनाशामक गोळ्यांनी घट्ट झालेला मळ बोटाने काढणं. दुखणं थांबल्याशिवाय माणसाला आपला धीर ऐकूच येत नाही.

वाडी पाटणच्या डोंगरात. कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला, माथाडीत. घरी म्हातारी, सुना आणि शाळेतली पोरं. आक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या. तरुणपणी वाडीच्या सुईण; रस्ता नव्हता तेव्हा निम्मी वाडी त्यांच्या हातावर जन्माला आलेली. जन्मभर मिश्री लावलेली, त्यातून गालाचा कॅन्सर. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलने ‘घरी न्या, सेवा करा’ म्हणून पाठवून दिलं होतं. फाईलमध्ये डिस्चार्ज कार्ड आणि पॅरासिटामॉलची चिठ्ठी. सेवा करा म्हणणं सोपं आहे. कशी करायची, हे सुनेला दहा मिनिटं बसवून दाखवायला तिथे कुणाला सवड झाली नाही. अशा फायली आमच्याकडे सतत येतात आणि दर वेळी मला तेवढाच संताप येतो.

आशाताईचा फोन आला म्हणून आम्ही श्रावणात गेलो. वास अंगणातच आला. पडवीच्या टोकाला, गोठ्याला लागून बाज टाकलेली, उशाशी अगरबत्त्या. आक्का भिंतीकडे तोंड करून, पदराने गाल झाकून पडलेल्या. चौकशीला येणारे अंगणातूनच चौकशी करून परतायचे. एक पाहुणे तर माझ्यादेखत, आक्कांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आता सुटल्या तर बरं.”

पदर बाजूला केला. गालाला आरपार भोक पडलेलं, आणि आत अळ्या.

“मी रोज धुती ओ सिस्टर, रोज धुती,” सून रडायलाच लागली. तिला वाटलं, मी तिला बोलणार. पावसाचे दिवस, माशा आणि उघडी जखम. यात घरच्यांचा काही दोष नसतो, हे तिला दोनदा-तीनदा सांगावं लागलं.

अळ्या काढणं हे मी चांगलं करते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आधी डॉक्टरांना फोन करून मॉर्फिनची अर्धी गोळी, म्हणजे पाच मिलिग्रॅम, चुरून नाकातल्या नळीतून दिली आणि अर्धा-पाऊण तास थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं. गोळी दिली न दिली की ड्रेसिंगला हात घालणारे मी पाहिले आहेत. पेशंट विव्हळतो आणि पुढच्या वेळी नर्स दिसली तरी अंग आखडून घेतो. मग गॉजची पट्टी टर्पेंटाइनमध्ये बुडवून घट्ट पिळायची आणि जखमेच्या तोंडाशी धरायची. गालाच्या जखमेत जास्तच जपायचं, थेंबसुद्धा घशात उतरता कामा नये. अळ्या गुदमरतात आणि हवेसाठी वर येतात. त्या वर आल्या की चिमट्याने एकेक उचलायची, ओढाताण न करता. तुटली तर उरलेला तुकडा आतच राहतो. गुडघ्यावर बसून बसून पाय बधिर होतात. आक्का सगळा वेळ माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून होत्या.

मग मिठाच्या पाण्याने धुणं. अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ. बाटलीतलं सलाइन संपलं म्हणून कुणाचं ड्रेसिंग अडू नये. आणि वासावर मेट्रोनिडाझोल. जुलाबावर देतात तीच स्वस्तातली गोळी, खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायची आणि ती पूड जखमेत भुरभुरायची. सुनेला समोर बसवून तिच्याच हातून हे करून घेतलं. शेवटी एक गडद रंगाचा जाडसर टॉवेल उशाशी ठेवायला सांगितला. अशा जखमेतून कधी एकाएकी भळभळून रक्त येतं, आणि पांढऱ्या कापडावर ते पाहून घरचे भेदरतात. तिने लग्नातला कुंकवाच्या रंगाचा टॉवेल काढला. तो वापरायची वेळ आली नाही.

मॉर्फिनबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते अफूपासून बनतं, आणि अफूची शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेशात, राजस्थानात. नीमचला आणि गाझीपूरला सरकारी कारखाने. आणि त्याच देशात पाटणच्या डोंगरातल्या म्हातारीला गोळी मिळेल की नाही, हे कोणत्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे यावर ठरतं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने एकेका हॉस्पिटलला चार-पाच परवाने गोळा करावे लागत. २०१४ साली कायदा बदलला, आता मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवता येते. तरी अंगात मुरलेली भीती गेलेली नाही. ‘सवय लागेल’ हे मी शिकलेल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, ज्याच्यापुढे महिनाभराचं आयुष्य आहे अशा माणसाबद्दल. आमच्या संस्थेत रिकामी पाकिटं मोजून परत घेतात, नोंदवही चोख असते, आणि असावीच. पण जिथे ती द्यायचं कुणी मनावरच घेत नाही, तिथे माणसं रात्ररात्र ओरडत असतात, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

सुनेला घड्याळ नीट कळत नव्हतं. कागदावर सूर्य, चूल, भांडी, देवाचा दिवा आणि चंद्र काढून दिले: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला डबल, म्हणजे मधली रात्र झोपेत जाते. सोबत पोट साफ होण्याची गोळी न चुकता.

चारेक दिवसांत वास मावळला. आणि वास गेला तशी माणसं आत आली. आधी शेजारीण पडवीत टेकली, मग तिची जाऊ. बाज गोठ्याकडून ओटीवर आली. त्या आठवड्यात आमच्या समाजसेविकेने बचत गटाच्या देवळातल्या बैठकीत विषय काढला आणि तिथल्या तिथे वार लागले. सोमवारी ही दुपारी बसेल, म्हणजे सुनेला शेतात जाता येईल. मंगळवारी ती नाचणीची पेज गाळून आणेल. नळीतून भरवताना उशाकडून उंच करायचं, नंतर साधं पाणी सोडून नळी धुवायची, हे मी एकदा दाखवलं आणि नंतर त्यांनीच एकमेकींना शिकवलं. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने हवेची गादी पाठवली. आक्कांना बोलता येत नव्हतं, पण एकादशीला भजनी मंडळ ओटीवर बसलं तेव्हा बोटांनी ताल धरला होता. गणपतीनंतर त्या गेल्या, झोपेत, घरातच. आमच्या डॉक्टरांनी कोझिकोडला प्रशिक्षण घेतलंय. केरळात १९९३ साली तिथे सुरू झालेलं काम पुढे मलप्पुरममध्ये गावोगावच्या साध्या माणसांनी उचललं, आठवड्याला दोन तास देणाऱ्या स्वयंसेवकांनी. २००८ साली सरकारचं धोरण आलं आणि पंचायतीही त्यात उतरल्या. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “हे तेच आहे. इथेही होतं.”

मलाही तसंच वाटलं होतं.

दुसरं घर त्याच आळीच्या खालच्या अंगाला. हा माणूस पन्नाशी उलटलेला, मुंबईहून परत आलेला. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात गेलेला, कमरेखालचं अंग लुळं, लघवीला नळी. बायको मुलांना घेऊन कधीच माहेरी निघून गेलेली. पुतण्या उंबऱ्यापाशी ताट ठेवायचा आणि जायचा. दुखण्यावर मॉर्फिन लागू पडलं, तिथे माझी तक्रार नाही. पण अशा पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. ते गोळीने होत नाही, त्याला हात लागतात. माझे हात आठवड्यातून दोनदा. मधल्या दिवसांत माकडहाडावरची जखम वाढत गेली आणि एका भेटीत तळाशी हाड दिसलं.

मी बचत गटाकडे गेले. त्याच बायका, तेच देऊळ. मी सांगत होते तोवर सगळ्या खाली बघत होत्या. मग एकजण बोलली. “आक्कानं आमची बाळंतपणं केली, सिस्टर. ह्यानं माझ्या मैतरणीला भर अंगणात केसाला धरून मारलीया. मी त्याचं अंग पुसू?”

दुसरी हळूच म्हणाली, “आन् घरात एकटा बाप्या. आम्ही बायका कशा जायाच्या?”

मला उत्तर सुचलं नाही. त्या बायका कठोर नाहीत. आक्कांच्या जखमेला हात लावणारे हात मी पाहिलेत. आणि तिच्या मैत्रिणीचं जे झालं ते झालंच होतं. पण जखम माझ्यापुढे होती, आणि जखमेला माणूस बरा की वाईट हे कळत नाही.

पेशंटला कसं वळवायचं ते पुतण्याला शिकवलं. तो दोनदा-तीनदा आला, मग शेतीची कामं निघाली. शेवटी पेशंटच्या अंगात ताप भिनला आणि त्याला हलवावं लागलं. दूरच्या वॉर्डात तो गेला, जवळ कुणी नसताना. अंत्यविधीला मात्र अख्खी वाडी होती. मुंबईहून माणसं आली, लाकडं वाडीने दिली, तेराव्याचं जेवणही झालं. ज्या माणसाच्या घरात जिवंतपणी कुणी शिरलं नाही, त्याला खांदा द्यायला रांग होती. हे पाहून मला इतकं वाईट वाटलं की गाडीत मी कुणाशी बोलले नाही.

आमच्यात यावर वाद चालू आहे. डॉक्टर म्हणतात, लोकसहभाग लोकांच्या मर्जीनेच चालतो, सक्ती केली तर आहे तोही जाईल. समाजसेविकेला वाटतं, शेजारच्या वाडीतले स्वयंसेवक आणावेत, त्यांना जुना राग नसतो. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही अपुरं वाटतं. गाव आपल्या आवडत्या माणसाला सांभाळेल, ते मी पाहिलं. नावडत्याला सांभाळायला पगारी माणूस हवा, त्यातही पुरुष हवा, आणि तो ग्रामपंचायतीने नेमायला हवा. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी पंचायती दिव्यांगांसाठी राखून ठेवतात. कमरेखाली लुळा पडलेला माणूस त्यात का बसू नये?

ग्रामसेवकांनी सांगितलं, असं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचा रकाना, नाही. सरपंचबाई म्हणाल्या, लेखी द्या, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेऊ. अर्ज दिलाय आणि त्याची पोच घेतलीय. त्यावर बचत गटातल्या तिघींच्या सह्या आहेत. मैत्रिणीबद्दल बोललेली बाई त्यांत नाही, आणि तिच्याकडे मी सही मागितलेलीही नाही.