तुटका दोन

फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते, लाईट रात्रीच गेलेली, आणि पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात समोरचा काय बोलतो तेच कळेना. २ ऑगस्ट. कोकणात राहणाऱ्याला ही तारीख समजावून सांगायला नको, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, आणि १ तारखेला गेलेल्या पहिल्या होड्या दुसऱ्या दिवशी पहाटेपासून परत यायला लागतात. दोन महिने बसून काढलेले असतात, पहिला माल येतो तेव्हा बंदरावर सगळ्यांची घाई असते.

रत्नागिरीकडच्या एका बंदरावर माल मोजायचा काटा आहे, त्याला एक लिनक्सचा पीसी जोडलेला, त्यावर सी या भाषेत लिहिलेला प्रोग्राम. होडीचं नाव टाकायचं, मासा निवडायचा, काट्यावरून वजन येतं, पावती छापली जाते. प्रोग्राम मी लिहिलेला नाही, आधीच्या माणसाने लिहिला, गेली तीन वर्षं मी सांभाळतो, तेही इथे देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत बसून.

काट्यावरचे काका म्हणाले, "अरे बाबा पावती येत नाही, वजन दिसतंय, बटण दाबलं की सगळं गायब होतं नि परत पहिल्यापासून सुरू होतं. वायरीला खारं लागलं असणार बघ." खाऱ्या वाऱ्याने वायरी खराब होतात हे खरंच आहे, मागच्या वर्षी झालंही होतं, पण वायर गेली तर वजन दिसलं नसतं. प्रोग्राम मरत होता आणि सिस्टम त्याला परत उठवत होती. खाली रांगेत पहिलीच होडी अडकलेली, बांगडा आणि थोडी सुरमई, बर्फाच्या लाद्या वर टाकून ठेवलेल्या.

घरात रेंज नाही. फायबर बंद होता. रेंज मिळते ती सड्यावर, पांदीतून वर चढून गेलं की कातळावर एक पडकं मांगर आहे, त्याच्या पडवीत मोबाईलचा हॉटस्पॉट चालतो, दोन काड्या, कधी एक. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि निघालो तर काकी दारातून ओरडतेय, "झिला, इतक्या पावसात खंय चल्लंस?"

आता मी काम कसं करतो ते सांगायला हवं, कारण त्या दिवशी सगळं त्यावरच अवलंबून होतं. मी ईमॅक्स हा एडिटर वापरतो, फक्त फाइली लिहायला नाही, शेल म्हणजे मशीनला हुकूम टाइप करायची जागा त्याच्यात, डीबगर म्हणजे प्रोग्राममधला बिघाड शोधायचं साधन त्याच्यात, दुसऱ्या मशीनवर लॉगिन पण त्याच्यातूनच. ऑल्ट-एक्स दाबून शेल म्हटलं की एक बफर उघडतो आणि त्यात शेल चालतो, पण तो बफर म्हणजे साधा मजकूर असतो, त्यात वर जाता येतं, शोधता येतं, कॉपी करता येतं, फाइल म्हणून सेव्ह करता येतं. आणि वाईट नेटवर्कवाल्याला महत्त्वाची गोष्ट ही की तुम्ही जे टाइप करता ते तुमच्याच मशीनवर राहतं, एंटर दाबल्यावर आख्खी ओळ एकदम जाते. साध्या टर्मिनलमधून एसएसएच केलं, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन केलं, तर एकेक अक्षर तिकडे जाऊन परत येतं तेव्हा स्क्रीनवर दिसतं, एका काडीवर हे म्हणजे छळ आहे, चूक दुरुस्त करायला बॅकस्पेस दाबला तर तो कधी पोचेल याची वाट बघत बसायचं.

दूरच्या मशीनवरच्या फाइलींसाठी ईमॅक्समधलाच ट्रॅम्प. ट्रान्सपरंट रिमोट ॲक्सेस, मल्टिपल प्रोटोकॉल. फाइल उघडताना नुसतं नाव द्यायच्या ऐवजी पुढे एसएसएच, युजर, मशीन असं लावायचं, मग ती फाइल तिकडून येते, तुम्ही ती इथे बदलता आणि सेव्ह केल्यावरच परत जाते. मध्ये नेट गेलं तरी लिहिणं थांबत नाही. काट्याचा पीसी बाहेरून थेट दिसत नाही, आधी ऑफिसच्या मशीनवर जावं लागतं आणि तिथून काट्यावर, तर पत्त्यात मध्ये एक उभी रेघ टाकून दोन्ही टप्पे एका ओळीत लिहिता येतात. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी सोय ही की अशी दूरची फाइल समोर असताना शेल किंवा डीबगर सुरू केला तर तो इथे नाही, त्या दूरच्या मशीनवर सुरू होतो.

याच्या खोडी पण आहेत. शेलच्या बफरमध्ये टर्मिनल अगदीच साधं धरलेलं असतं, त्यामुळे टॉप सारखे स्क्रीनभर नाचणारे प्रोग्राम तिथे चालत नाहीत. आणि तिकडच्या मशीनवर कुणी रंगीबेरंगी प्रॉम्प्ट (शेल हुकुमाची वाट बघताना दाखवतो ती खूण) लावून ठेवला असेल तर ट्रॅम्पला तो ओळखता येत नाही आणि तो वाट बघत अडकून पडतो, पहिल्या वर्षी माझे दोन तास यात गेले होते, मग तिकडच्या शेलच्या सेटिंगमध्ये साध्या टर्मिनलसाठी साधा प्रॉम्प्ट अशी ओळ टाकली तेव्हापासून त्रास नाही.

तर मांगरात बसलो, पाठ भिंतीला, तिसऱ्या प्रयत्नात कनेक्शन लागलं. प्रोग्राम मेल्यावर कोअर फाइल पडेल अशी सोय मी आधीच करून ठेवली होती, कोअर म्हणजे मरताना मेमरीत काय होतं त्याची जशीच्या तशी प्रत. ती फाइल मोठी, इकडे ओढत बसलो असतो तर दुपार झाली असती. ती तिकडेच राहू द्यायची, जीडीबी, म्हणजे तो डीबगर, तिकडेच चालवायचा, इकडे फक्त मजकूर येतो. (जीडीबी आणि जीएनयू ईमॅक्स दोन्ही मुळात रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेले, ईमॅक्स १९८५ ला बाहेर आला आणि जीडीबी १९८६ ला, त्यामुळे दोघांचं जमतं यात नवल नाही.) डीबगरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या नाहीत, त्या प्रत्येकीला तिकडून माहिती लागते आणि नेट तेवढं नव्हतं. नुसता डीबगरचा बफर आणि बाजूला सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सोर्सच्या कडेला बाण, पावती छापणाऱ्या फंक्शनमध्ये दर वाचायची जी ओळ आहे तिच्यावर.

दराचा पॉइंटर, म्हणजे दर मेमरीत कुठे आहे तो पत्ता, बिघडलेला होता, एवढं लगेच दिसलं. का बिघडला ते कळेना. मी पॉइंटर छापला, मग नोंदीचं आख्खं स्ट्रक्चर, म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेले तिचे सगळे रकाने, छापलं, होडीचं नाव, त्यानंतर दराचा पॉइंटर, मग वजन, वेळ, सगळं. ओळी एकेक करून आल्या. शेवटची ओळ आली आणि रेंज गेली.

मोबाईल हातात घेऊन पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो, काही नाही. एसएसएचला मी सांगून ठेवलंय की दर दहा सेकंदांनी बघ पलीकडे कुणी आहे का आणि तीनदा उत्तर नाही आलं तर सोड, नाहीतर ईमॅक्स तसाच गोठून बसतो आणि कंट्रोल-जी मारत राहावं लागतं. अर्ध्या मिनिटात बफरच्या तळाला प्रोसेस संपल्याची ओळ आली. तिकडचा जीडीबी गेला. पण इकडे त्याने जे जे सांगितलं होतं ते सगळं बफरमध्ये तसंच होतं, आणि नेट नव्हतं म्हणून मला ते वाचण्याशिवाय दुसरं काम नव्हतं.

होडीचं नाव मराठीत होतं. जीडीबी मराठी अक्षरं तशीच दाखवत नव्हता, एकेक बाइट आठाच्या पायावरचा आकडा म्हणून छापत होता. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, आणि इथे चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे, श्री म्हणजे श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी ४ चिन्हं, १२ बाइट. छापलेलं नाव \३४०\२४४\२६६ ने सुरू होत होतं, तो श. पुढे सगळं तीन-तीनच्या गटांत, प्रत्येक गट ३४० ने सुरू, मध्ये कुठे मोकळी जागा. मी कर्सर पुढे नेत नेत मोजत गेलो आणि अगदी शेवटी एक \३४० एकटाच उभा. त्याच्या पुढचे दोन नाहीत, अवतरण चिन्ह आणि संपलं.

मग खालच्या ओळीवर पॉइंटर बघितला. पत्त्याची शेपटी, सोळाच्या पायावर, होती ००ए८ए५.

मराठी मजकुराबरोबर ज्याने बाइट पातळीवर काम केलंय त्याच्या डोळ्यांत ई० ए४ आणि ई० ए५ या जोड्या बसलेल्या असतात, देवनागरीची सगळी चिन्हं या दोनपैकी एका जोडीने सुरू होतात. ई० म्हणजेच आठाच्या पायावर ३४०. तो वर एकटा उभा होता आणि त्याचा ए५ खाली पॉइंटरमध्ये होता, इंटेलच्या मशीनवर आकड्यातला कमी किमतीचा बाइट आधी ठेवतात म्हणून उलटा दिसणारा. ई० ए५ ए८. आणि नंतरचा ००, स्ट्रिंग संपल्याची खूण.

मी तिथल्या तिथे रिकाम्या बफरमध्ये २ हा मराठी आकडा टाइप केला, त्याच्यावर कर्सर ठेवून ईमॅक्सला विचारलं हे काय आहे, कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबरचं चिन्ह. त्याने सांगितलं, फाइलमध्ये ई० ए५ ए८. त्या पावसात एकटा मोठ्याने हो म्हणालो ते आठवतंय.

होडीचं खरं नाव इथे देत नाही, पण चिन्हं मोजून तेवढीच ठेवलीयत: श्री सागरेश्वरी प्रसाद २. नावाला जागा ६४ बाइट. श्री सागरेश्वरी प्रसाद याला लागतात ६२ आणि शेवटच्या शून्याचा एक, ६३. मावतं. ही मालकाची जुनी होडी, तीन वर्षं तिच्या पावत्या बिनबोभाट निघत होत्या, एका बाइटाच्या अंतराने. यंदा त्याने दुसरी होडी घेतली आणि तेच नाव ठेवून पुढे २ लावला. एक मोकळी जागा आणि एक आकडा, ४ बाइट. २ चा पहिला बाइट नावात राहिला आणि उरलेले दोन शेजारच्या पॉइंटरवर सांडले. नाव टाकताना किती मावतं ते न बघता कॉपी केलेलं, म्हणजे सी मधली जुनीच चूक. ज्याने लिहिलं त्याने इंग्रजी नावं धरून ६४ ठेवले असणार, तेव्हा ते भरपूर वाटले असतील. मी तीन वर्षं तो कोड सांभाळतोय आणि माझ्याही नजरेतून सुटलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

रेंज यायला वीस मिनिटं लागली. आली तशी आधी काकांना फोन केला, म्हटलं आत्तापुरतं नावातला श्री काढून टाका, पावती निघेल. पलीकडे कुजबुज, मग काका म्हणाले, "मालक नाही म्हणतायत. नवी होडी, पहिला माल, पहिली पावती. श्री काढायचा नाही." मग २ काढा म्हटलं तर तो हिशेब जुन्या होडीच्या खात्यावर जाणार. मला मालकाचं म्हणणं पटलं, मनापासून पटलं. माझ्या ६४ बाइटांसाठी त्याने श्री का काढावा? मी म्हटलं, त्यांना सांगा अर्धा तास द्या, वर बर्फ टाका आणखी आणि मागच्या होड्यांच्या पावत्या करायला घ्या, त्या निघतील.

फाइल ट्रॅम्पने उघडलेलीच होती. नावाची जागा २५६ केली, कॉपी करायची ओळ बदलून मर्यादा घातली, नोंदी डिस्कवर मजकूर म्हणून जातात त्यामुळे जुन्या डेटाला धक्का नव्हता, ते दोनदा तपासलं. हे सगळं करताना नेट दोनदा गेलं, मला त्याची गरज नव्हती. सेव्ह करताना लागलं, तेव्हा होतं. कंपाईल तिकडेच केलं, तेही एडिटरमधूनच, एक चुकीचा कंस राहिला होता तर एररच्या ओळीवर एंटर मारला की कर्सर थेट त्या कंसावर. मग शेलमध्ये सर्व्हिस परत चालू केली.

सव्वानऊला व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो आला. कागद ओला, कडेला कुणाचा तरी अंगठा, त्यावर मिठाचे पांढरे डाग. वर नाव पूर्ण, श्री पासून २ पर्यंत. खाली बांगडा, वजन, दर. मी फोटो मोठा करून तो २ बघत बसलो थोडा वेळ.

खाली आलो तर काकीने पेजेचं भांडं चुलीशेजारी गरम ठेवलेलं. तिला सांगितलं काय झालं होतं ते, होडीच्या नावातला दोन तुटला होता म्हणून. ती म्हणाली, "मगे जोडलंस?" जोडला म्हटलं.

तो मेलेला डीबगरचा बफर मी फाइल म्हणून सेव्ह करून ठेवलाय, तारीख घालून. रात्री लाईट आल्यावर बाकीची स्ट्रक्चरं काढून बसलो. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाला ३२ बाइट होते, म्हणजे देवनागरीची दहा चिन्हं. ती नावं अजून सगळी इंग्रजीत टाकलेली होती, आणि काका म्हणत होते की गणपतीनंतर तीही मराठीत करायचीयत.