ग्लोबल वॉर्मिंगचे परिणाम पाठ करून घेऊ नका

"ग्लोबल वॉर्मिंगचे परिणाम लिहा" हा प्रश्न कुठल्याही वर्गात टाका, उत्तर ठरलेलं. बर्फ वितळतो, समुद्राची पातळी वाढते, पूर येतात, दुष्काळ पडतो, प्राणी नामशेष होतात. पाच मुद्दे, पाच मार्क, पुढचा प्रश्न. आणि मग त्याच पोरांना एवढंच विचारा की अरे पूर पण येतो म्हणता आणि दुष्काळ पण पडतो म्हणता, एकाच कारणाने दोन उलट्या गोष्टी कशा काय होतात, की वर्ग एकदम गप्प. हुशार पोरंसुद्धा गप्प. कारण दोन्ही वाक्यं तोंडपाठ असतात पण मधे काय घडतं ते कोणी कधी उलगडून सांगितलेलंच नसतं.

मला मनापासून वाटतं की हा विषय यादी म्हणून शिकवूच नये. एका गोष्टीतून दुसरी कशी निघते ती साखळी दाखवावी, मग भले पाचाऐवजी तीनच परिणाम शिकवून झाले तरी चालतील.

आता हे पूर-दुष्काळाचंच घ्या ना. हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरून ठेवू शकते, दर 1 अंश सेल्सिअसला साधारण 7 टक्के जास्त. बास, एवढा एक आकडा फळ्यावर लिहायचा आणि पुढचं पोरांनाच जोडू द्यायचं. जिथे पाऊस नाही तिथे ही गरम हवा मातीतलं, झाडांतलं, तलावातलं पाणी आणखी ओढून घेते म्हणजे जमीन लवकर कोरडी पडते, आणि जिथे ढग भरून येतात तिथे पडायला पाणीच जास्त असतं त्यामुळे थोड्या वेळात धो धो कोसळतो. दोन्ही उत्तरं एकाच वाक्यातून आली. आणि हमखास कोणीतरी विचारतंच की मग ती जास्तीची वाफ पण उष्णता अडवते का? हो, अडवते, वाफ हा स्वतःच हरितगृह वायू आहे, आणि नुसत्या कार्बन डायऑक्साइडने जेवढं तापलं असतं ते या वाफेची भर पडून एकूण जवळपास दुप्पट होतं. हा प्रश्न वर्गातून आला की समजायचं, साखळी पोहोचली.

बर्फाचा प्रयोग तर मी कधीच सोडत नाही. दोन सारखे काचेचे ग्लास घ्यायचे. एकात पाण्यावर बर्फाचे खडे तरंगत सोडायचे. दुसऱ्यात एक मोठा दगड ठेवायचा, त्याचं डोकं पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, आणि तेवढेच खडे त्या दगडावर ठेवायचे. दोन्हीकडे पाणी कुठपर्यंत आहे तिथे मार्करने बारीक रेघ मारायची. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, बर्फ वितळायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, कारणासकट. हे लिहून घेतलं नाही ना तर नंतर सगळेच म्हणतात "मला माहीतच होतं". बहुतेक जण लिहितात की दोन्हीत पाणी वाढणार. मग वितळेपर्यंत नकाशा काढायचा आणि बघायचं, आर्क्टिकचा बर्फ बराचसा समुद्रावर तरंगतोय, ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बहुतांश बर्फ जमिनीवर आहे. तोवर ग्लास तयार. तरंगणाऱ्या बर्फाच्या ग्लासात पाणी बरोब्बर रेघेवर आणि दगडाच्या ग्लासात रेघेच्या स्पष्ट वर. पोरं डोळे ग्लासाला लावून बघतात, रेघ नीट मारली होती का म्हणून भांडतात, पुन्हा करून बघू म्हणतात. करू द्यायचं पुन्हा.

इथेच सांगून टाकायचं की ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण 7 मीटर वर येईल, पण लगेच हेही सांगायचं की त्याला शेकडो ते हजारो वर्षं लागतील. हा दुसरा भाग गाळला की लहान मुलांना वाटतं पुढच्या वर्षीच सगळं पाण्याखाली जाणार. प्रत्यक्षात 1900 पासून आतापर्यंत पातळी 20 सेंटीमीटरच्या आसपास वाढली आहे, आणि काळजीची गोष्ट म्हणजे वेग. 1993 पासून उपग्रहांनी मोजमाप सुरू आहे आणि तेव्हाच्या मानाने आत्ताचा वेग जवळपास दुप्पट आहे. आणि ही सगळी वाढ बर्फामुळेच नाही, पाणी गरम झालं की फुगतं त्याचाही यात मोठा वाटा आहे. काचेच्या फ्लास्कमधे रंगीत पाणी काठोकाठ भरून बुचातून बारीक नळी घातली आणि फ्लास्क कोमट पाण्यात ठेवला तर नळीतलं पाणी वर चढताना दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे.

मग कोणीतरी म्हणतंच, तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी वाढत नाही ना, मग आर्क्टिक वितळलं तर काय बिघडलं? फार सुंदर प्रश्न आहे हा, घाईत उडवून लावू नका. पांढरा बर्फ बराचसा सूर्यप्रकाश परत पाठवतो आणि त्याच्या खालचं काळपट पाणी 90 टक्क्यांहून जास्त प्रकाश शोषून घेतं, म्हणजे बर्फ गेला की समुद्र तापतो, तापला की आणखी बर्फ जातो. आर्क्टिक बाकीच्या जगाच्या तिप्पट-चौपट वेगाने तापतंय, त्याचं हे एक मोठं कारण.

समुद्राच्या आंबटपणाचा धडा बहुतेक ठिकाणी दोन ओळींत संपवतात, मला ते अजिबात पटत नाही कारण तो डोळ्यांसमोर घडवता येतो. पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे (आंबटपणाप्रमाणे रंग बदलणारं द्रावण) काही थेंब टाकायचे, पाणी निळं होतं, मग स्ट्रॉने त्यात फुंकायचं (ओढायचं नाही, हे आधी बजावून सांगा), आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ते हळूहळू हिरवं आणि मग पिवळं होतं. आपण हवेत सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा कार्बन डायऑक्साइड समुद्र पोटात घेतो आणि त्यामुळे त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 8.2 वरून 8.1 पर्यंत उतरलाय. 0.1 म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पीएचची मोजपट्टी अशी आहे की एवढ्याशा फरकात आम्लता जवळजवळ 30 टक्के वाढते. शिंपले, प्रवाळ यांना कवच आणि सांगाडा बनवायला त्याने जड जातं.

प्राण्यांचं सांगायचं तर हिमअस्वलाच्या फोटोपेक्षा समुद्री कासव घ्या. कासवाची पिल्लं नर होणार की मादी हे अंड्याभोवतीच्या वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू गरम असेल तर माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवरून आलेली हिरवी कासवं तपासली तेव्हा लहान कासवांमधे 99 टक्के माद्या निघाल्या, हा अभ्यास 2018 चा. हे सांगितलं की वर्गात जी कुजबुज सुरू होते ती थांबवू नका. पुढच्या पिढीला नर कुठून येणार, हे त्यांच्या त्यांना सुचतं.

एक प्रयोग मात्र करू नका असं मी सांगेन. दोन बाटल्या, एकीत कार्बन डायऑक्साइड, समोर बल्ब, आणि थर्मामीटर. व्हिडिओत सगळीकडे दिसतो. कार्बन डायऑक्साइडची बाटली जास्त तापते खरी, पण त्याचं मुख्य कारण हा वायू हवेपेक्षा जड आहे आणि त्यामुळे आतली गरम हवा नेहमीसारखी खेळत नाही हे आहे. जवळपास त्याच्याइतकाच जड पण हरितगृह वायू नसलेला आर्गॉन भरला तरी तसंच दिसतं. म्हणजे निष्कर्ष बरोबर पण पुरावा चुकीचा, आणि विज्ञानाच्या तासाला ते चालू नये. त्यापेक्षा इतिहास सांगा. 1856 मधे युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडचं वातावरण असेल तर पृथ्वी जास्त गरम असेल असं लिहून ठेवलं. 1859 मधे जॉन टिंडल यांनी कुठला वायू किती उष्णता अडवतो ते मोजायला घेतलं. 1896 मधे स्वांते अर्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब मांडला. हे शास्त्र आत्ता कोणी काढलेलं खूळ नाही हे मुलांना यातून आपोआप कळतं.

आता भीतीचं. 2021 मधे 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 मुलामुलींना विचारलं तेव्हा 59 टक्के जणांनी आपल्याला हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. म्हणून जळत्या जंगलाचा व्हिडिओ दाखवून तास संपवू नये, बेल वाजते आणि मुलं तेवढंच घेऊन घरी जातात. काय करता येतं ते पण तितक्याच वेळ शिकवायचं, आणि खरं तेच शिकवायचं. इथे पाण्याच्या टाकीचं उदाहरण फार उपयोगी पडतं, वरून नळ जोरात चालू आहे (आपण सोडतो तो कार्बन डायऑक्साइड) आणि खालून बारीक गळती आहे (झाडं आणि समुद्र पोटात घेतात तो), तर नळ आहे तेवढाच ठेवला तर टाकी भरायची थांबेल का? एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला होता आणि बऱ्याच जणांचं उत्तर चुकलं. उत्सर्जन स्थिर ठेवून भागत नाही, खाली आणावं लागतं, आणि आणलं तर फरक पडतो हे दोन्ही त्या टाकीत दिसतं. ओझोनची गोष्टही इथेच सांगा. बरीच मुलं ओझोनच्या भोकातून उष्णता आत येते आणि त्याने ग्लोबल वॉर्मिंग होतं असं धरून बसलेली असतात, ते वेगळं करून सांगायचंच असतं, आणि सोबत हेही की 1987 च्या माँट्रियल करारानंतर देशांनी ओझोनचा थर विरळ करणारी रसायनं खरंच बंद केली आणि तो थर आता भरून येतोय.

परीक्षेसाठी मी आता मौना लोआचा (हवाई बेटावरचा ज्वालामुखी, तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात) आलेख देते. 1958 मधे चार्ल्स कीलिंग यांनी तिथे मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड 315 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 315 भाग) आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय, आणि रेघ सरळ नाही, दरवर्षी मे महिन्यात वर जाऊन पुन्हा खाली येणारी करवतीसारखी आहे. प्रश्न दोनच असतात. दरवर्षी ती खाली का येते? आणि खाली येते तर आदल्या वर्षीइतकी खाली का येत नाही? पहिल्याचं उत्तर उत्तर गोलार्धातल्या झाडांच्या वाढीच्या हंगामात आहे, तिथे जमीन जास्त म्हणून झाडं जास्त. दुसऱ्याचं सगळ्यांना माहीत आहे पण आलेखावर बोट ठेवून सांगायला बऱ्यापैकी डोकं लागतं. कारण चुकलं पण विचार मांडलेला दिसला तर अर्धे मार्क देते, आणि नुसतं "प्रदूषणामुळे" एवढंच लिहिलं असेल तर वही परत देऊन "कसं काय, ते लिही" असं म्हणते.