नमुनाच नाही, मग निगेटिव्ह कसं?

पूर्व विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण कक्षात मी काम करते. पावसाळा लागला की आमच्या लाइन लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या नोंदयादीत, मेंदूज्वराची पोरं यायला लागतात. हा मेंदूज्वर घडवणाऱ्या चांदीपुरा विषाणूचा इलाखा. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुऱ्यात तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. बरीच पोरं चोवीस तासांच्या आत जातात, आणि आमची सगळी यंत्रणा उभी आहे ती दवाखान्यात पोचणाऱ्या रुग्णावर.

अशाच एका टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, एकाच आठवड्यात दोन लेकरं दगावली. त्यातला मुलगा जिल्हा रुग्णालयात पोचला होता. पाठीतलं पाणी काढू द्यायला घरचे तयार नव्हते, सिस्टरनं तासभर समजावलं. नमुना बर्फात पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेत गेला. चांदीपुरा आणि जपानी मेंदूज्वर, दोन्ही निगेटिव्ह. शेजारच्या घरातली पाच वर्षांची मुलगी मात्र रात्री तापली आणि अॅम्ब्युलन्स यायच्या आत गेली.

तिला केस धरायचं की नाही, हे आईच्या जबानीवर ठरणार होतं. मेंदूज्वराच्या केसची व्याख्या अशी: अचानक आलेला ताप, सोबत शुद्धीत बदल किंवा नव्यानं आलेले झटके. सहा वर्षांखालच्या मुलाला तापात एकच झटका आला, तो पंधरा मिनिटांच्या आत थांबला आणि तासाभरात मूल शुद्धीवर आलं, तर तो साधा तापाचा झटका. तो धरायचा नाही. पण घड्याळ कोण बघतं? मी वेळ विचारलीच नाही. झटका थांबल्यावर पाणी प्यायली का, हाक मारल्यावर ओ दिली का, असं विचारत गेले. आशाताई शेजारी बसून होती. आई म्हणाली,

“डोळे उघडेच होते मॅडम, पण माह्याकडे पाहे नाही. पहाटंपर्यंत तशीच.”

व्याख्येत बसायला एवढं पुरेसं होतं.

आढावा बैठकीत वरिष्ठ म्हणाले, नमुना नाही, पुरावा नाही, यादीतून काढा. नाहीच काढायचं तर निगेटिव्ह लिहा. आकडा कमी दिसावा ही घाई मला नवी नाही, पण त्या दिवशी मी अडून बसले. तपासून काही सापडलं नाही ही एक माहिती झाली. इथे तपासच झालेला नाही. अमेरिकेत १९९५ पासून चार ठिकाणी संसर्गासारख्या पण कारण न कळलेल्या मृत्यूंवर आणि गंभीर आजारांवर पाळत ठेवली होती. १३७ केस धरल्या, नमुने १२२ जणांचे होते आणि ३४ जणांचं कारण सापडलं. टक्केवारी १२२ वर काढली, पण नमुना नसलेले १५ जण मोजणीतून वगळले नाहीत. आम्हाला एवढं का जमू नये?

शेवटी तिचं नाव राहिलं, शेऱ्यात ‘नमुना घेता आला नाही’. त्या नोंदीमुळे एका टोलीत दोन केस दिसल्या आणि भेगाळलेल्या मातीच्या भिंती, गोठे यांवर चांदीपुरा पसरवणाऱ्या वालुमाशीसाठी फवारणी मंजूर झाली. एकट्या मुलाच्या निगेटिव्ह रिपोर्टवर ती झाली नसती.

दोघांना एकाच आजारानं नेलं का, हे मला अजून सांगता येत नाही. मुलाचा उरलेला नमुना जपून ठेवा, असं मी लेखी कळवलंय. मुलीचं काहीच हाती नाही. मृत्यूनंतर लगेच रक्त घेता येतं, त्यातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, तपासणीच्या कामाला येतं. पण त्या रात्री त्या घरात हे विचारायला कुणाला पाठवायचं, ते आमच्या कुठल्याच परिपत्रकात नाही. या हंगामाआधी ते लिहून घ्यायच्या मागे मी लागलेय.