निळ्या रेषेच्या आतली वीस एकर

‘निळ्या रेषेच्या आत खेळाचं मैदान चालतं.’ निळी रेषा म्हणजे नदीच्या पुराची नकाशावर आखलेली हद्द, तिच्या आत बांधकामाला मनाई. सरकारी परिपत्रकातलं हे कलम काम बघणाऱ्या साहेबांनी मला दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा मी गप्प बसलो. दीड वर्ष झालं त्याला. अजूनही सांगलीत कुठं स्टेडियमचा विषय निघाला की ते गप्प बसणं मला टोचतं.

मी सर्व्हेयर आहे. एका सल्लागार कंपनीकडून काम आलं होतं: सरकारी पैशातून क्रिकेट स्टेडियम करायचं, मोठे व्यावसायिक सामने व्हावेत असं, आणि त्यासाठी दोन जागांची मोजणी. एक जागा कृष्णेकाठची, सरकारी, वीस एकर. दुसरी मिरजेच्या बाजूला उंचावर, पण खासगी, सातबाऱ्यावर डझनभर नावं.

मला स्टेडियम नको होतं असं कुणी समजू नये. विजय हजारे सांगलीत जन्मले, स्मृती मानधना इथंच वाढली, आणि चांगला सामना बघायचा तर आम्ही चार-साडेचार तास गाडी हाकत पुण्याजवळच्या गहुंज्याला जायचं. ते मैदान २०१२ ला क्रिकेट संघटनेनं बँकांचं कर्ज काढून उभं केलं. इथं तसं कर्ज अंगावर घेणारं कुणी नाही. म्हणजे पैसा तुमचा-आमचाच, आणि म्हणूनच जागा चुकता कामा नये.

नदीकाठची मोजणी मे महिन्यात केली. साडेदहानंतर उन्हाची झळ मारायला लागली की दुर्बिणीतून स्टाफवरचे, म्हणजे उंची मोजायच्या पट्टीवरचे, आकडे नाचतात, म्हणून सकाळी सहालाच ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावायची. बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरलेल्या पक्क्या खुणेपासून, लेव्हल जागेवर आणली आणि परत त्याच बेंचमार्कवर नेऊन बंद केली. अडीच किलोमीटरच्या फेरीत फरक आला नऊ मिलिमीटर. हे मी मुद्दाम सांगतोय. हल्ली उपग्रहावरून माप घेणाऱ्या डीजीपीएसचा आकडा उचलतात आणि मोकळे होतात. आडव्या मापाला ते ठीक आहे, पण उंचीला त्यात सेंटिमीटरांचा घोळ राहतो, आणि नदीकाठी सगळा खेळ उंचीचाच असतो.

जागेला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा गोठा होता. आबा सकाळपासून बांधावर बसून बघत होते. नऊच्या सुमाराला उठून आले.

“पाव्हणं, तुमचा मार्क कुठला मला ठावं न्हाई. माझा हाय, बघायचा का?”

गोठ्याच्या सागवानी मेढीवर दोन खिळे ठोकलेले होते, गंजून तांबडे पडलेले. वरचा २०१९ चा, खालचा २०२१ चा. पाणी ओसरल्यावर जनावरं परत आणली त्या दिवशी, चिखलाची रेघ ओली असतानाच आबांनी ते ठोकले होते. “भिंतीला चुना लावला की रेघ जाती. खिळा कुठं जातोय?” असं म्हणून त्यांनी वरच्या खिळ्यावरची जळमटं अंगठ्यानं पुसली.

मी स्टाफ मेढीला लावला. वरचा खिळा गोठ्याच्या जोत्यापासून दोन मीटर चाळीस सेंटिमीटरवर. जोतं शेजारच्या सरकारी जमिनीपेक्षा साठ सेंटिमीटर उंच. म्हणजे ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा, जिथं खेळपट्टी दाखवली होती तिथं तीन मीटर पाणी होतं.

दुपारी जेवताना वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. वीस एकर म्हणजे साधारण ८१ हजार चौरस मीटर. तीन मीटर भराव म्हणजे दोन लाख चाळीस हजार घनमीटर मुरूम. एका हायवा डंपरात भरलेला माल दाबल्यावर दहा घनमीटर उरतो असं धरलं तर चोवीस हजार खेपा. शिवाय जागेवरची काळी माती. ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, तिच्यावर गॅलरी उभी करायची तर पाया खोल न्यावा लागणार. आणि एवढा भराव घातल्यावर नदीचं पाणी वाट काढणार ते आबांच्या गोठ्यातून आणि पलीकडच्या वस्तीतून.

कार्यालयात तुलनेचा तक्ता तयार होता. नदीकाठच्या जागेपुढं ‘जमीन खर्च: शून्य’. मिरजेकडच्या जागेपुढं बाजारभाव आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, त्यामुळं आकडा डोळ्यांत भरणारा. आणि चोवीस हजार खेपा कुठं? ‘साइट डेव्हलपमेंट, एल. एस.’ एवढ्या एका ओळीत. एल. एस. म्हणजे लम्प सम: दोन्ही जागांना सारखीच ठोक रक्कम. मी वीसेक वर्षं इस्टिमेटं बघतोय. नको असलेला खर्च लपवायला एल. एस.सारखी जागा नाही.

साहेब माणूस वाईट नाहीत. पण बैठकीला जाणाऱ्या तक्त्यात शून्य दिसलं की वरचे लोक खूश होतात हे त्यांना पाठ आहे. त्यांनी परिपत्रकातलं ते कलम पुढं केलं. निषिद्ध क्षेत्रात, म्हणजे निळ्या रेषेच्या आत, बागा आणि मैदानं चालतात हे खरंच आहे. मोकळी जमीन पाण्याखाली गेली तर कुणाचं काही वाहून जात नाही आणि पाण्याला वाटही राहते, म्हणून चालतात. काँक्रीटच्या गॅलऱ्या, फ्लडलाइटचे खांब आणि पार्किंगचा भराव म्हणजे मैदान नव्हे. हे मला तिथं मोठ्यानं बोलायला पाहिजे होतं. मी एवढंच म्हणालो, “सर, खिळ्याची लेव्हल ड्रॉइंगवर दाखवलीय.”

“खिळा हा काय पुरावा आहे का? परिशिष्टात टाका.”

टाकली. पान ६३. बैठकीत पान ६३ पर्यंत कुणी पोचलं असेल असं मला वाटत नाही. निर्णय अजून झालेला नाही, फाइल फिरतेय. माझी मूळ फील्ड बुक, मोजणीची वही, मी घरी जपून ठेवलीय.

गेल्या आठवड्यात आबांचा फोन आला. गोठ्याची दुरुस्ती काढलीय, लोखंडी अँगल टाकून वर पत्रा घालणार आहेत. “खिळ्याची मेढ वाळवीनं खाल्लीय खालनं. काढू का ऱ्हाऊ दे?”

“राहू दे आबा,” मी म्हणालो. “रविवारी येतो. नवा अँगल उभा केला की त्याच लेव्हलला खूण करून देतो.”